ग्रॅमसेवक

"कोणाचा कप?"

मी आयुष्यातला पहिला केक करायला बसले होते आणि आमचे घरमालक दारात उभे राहून मला हे विचारत होते. माझ्या हातात मासिकातून कापून ठेवलेला कागद. त्यावर लिहिलेलं, मैदा दोन कप, साखर एक कप, लोणी अर्धा कप. मी म्हटलं, "कोणाचा म्हणजे? आमचाच. घरातला."

"तुमच्या घरात कप किती?"

"सहा. लग्नात आलेत."

"सगळे सारखे?"

आता लग्नात आलेले कप कधी सारखे असतात का? दोन मावशीनं दिलेले, फुलाफुलांचे. तीन मैत्रिणींनी मिळून दिलेले, ते जरा पसरट. आणि एक कान तुटलेला, तो ह्यांच्याबरोबर खानावळीच्या दिवसांपासून आलेला. हे सगळं मी त्यांना सांगायला नको होतं. मालक आत आले, सहाही कप फरशीवर ओळीनं मांडले, आपल्या घरातून पितळी तराजू आणि वजनांची पेटी घेऊन आले आणि माझ्या मैद्यानं एकेक कप भरून, सुरीच्या पाठीनं सपाट करून तोलायला लागले. सहा कपांची वजनं काही जुळली नाहीत. मी म्हटलं, "बरं, मग ह्यातला एकच धरते मी."

"धरा. भरणार कसा?"

हे मला कळेना. कप भरायचा म्हणजे भरायचा. मग त्यांनी माझा फुलाफुलांचा कप घेतला. एकदा मैदा चाळून अलगद भरला, एकदा डब्यातून तसाच उपसला, एकदा कप जमिनीवर आपटून आपटून दाबून भरला. तिन्ही वेळा तोलला. तिन्ही वेळा पारडं वेगळं बोललं. "कप तोच, मैदा तोच, वजनं तीन," ते म्हणाले. "आता मला सांगा, मासिकातल्या बाईंनी कप कसा भरला होता?"

"मला काय माहीत? त्या बाई मुंबईच्या."

"मग मुंबईला विचारा. कप हे माप नव्हे. कप हे भांडं आहे."

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा फरशी पांढरी झाली होती, सहा कप मैद्यानं माखले होते आणि मी पिठल्याला कांदा चिरत होते. ह्यांनी विचारलं, "केक?" मी म्हटलं, "अजून वजन चाललंय."

कोपरगावात आमचं बिऱ्हाड त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. ह्यांना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागलेली आणि मी नगरच्या माहेरातून लग्न होऊन, चार दिवस सासरी राहून, तिथं. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सासूबाई गावी, त्यामुळे मी मोकाट. स्वयंपाक म्हणाल तर पोळ्या यायच्या. गोल नव्हे, पण यायच्या. अशा बाईला केकची हौस, तीही स्टोव्हवर वाळूचा डबा तापवून त्यात केक भाजायची.

मालक वजनमापं खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे. पाठीमागे त्यांचं नाव होतं ग्रॅमसेवक. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण नाव असं चपखल बसलं की पोस्टमनसुद्धा ग्रॅमसेवकांचं घर म्हटल्यावर बरोबर यायचा. नोकरीच्या काळात शेर-मापटं मोडून लोकांना किलो-लिटर शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि जिल्ह्यातला एकही आठवडी बाजार त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. सरकारनं त्यांना निवृत्त केलं, पण ते कामातून निवृत्त झालेच नाहीत.

त्यांच्यामुळे आमच्या गल्लीत भाजीवाली यायची नाही. आली तर कोपऱ्यावर थांबून आधी हळूच विचारायची, "सायब हायेत का घरी?" नाहीत म्हटलं तरच टोपली आत. एकदा एक नवी बाई फसली. तिच्या तराजूत किलोच्या जागी दगड होता. साहेबांनी लगेच आपल्या पेटीतला किलो आणून तो दगड तोलला, तर दगड जास्तच भरला. म्हणजे ती बिचारी रोज गिऱ्हाइकांना वर भाजी देत होती. आम्ही बायका गप्प बसलो, आम्हाला काय वाईट होतं त्यात? पण साहेबांनी तिला तरीही सोडलं नाही. "जास्त देणं हीसुद्धा चूकच," असं म्हणून तिला उन्हात उभं करून समजावलं. ती पुन्हा फिरकली नाही आणि आम्हाला मेथीच्या जुडीसाठी बाजारापर्यंत पायपीट करायला लागली.

त्यांच्यासमोर बोलायचीही पंचाईत. शेर, छटाक, तोळा हे शब्द घरात बंद. मी एकदा कोणाबद्दल तरी "शेरास सव्वाशेर भेटला" म्हणून गेले, तर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "किलोला सव्वाकिलो." माझी आई चार दिवस राहायला आली होती. ती बिचारी सहज म्हणाली, "माझी प्रकृती आता तोळामासा झालीय." साहेबांनी विचारलं, "म्हणजे किती ग्रॅम?" आई आत आल्यावर मला म्हणाली, "ह्या माणसाचं डोकं एकदा तोलून बघायला हवं गं." पण जाताना त्यांच्या पाया पडून गेली, कारण तिच्या सामानातली गुळाची ढेप तोलून त्यांनी दुकानदारानं कमी दिलेला गूळ तिला परत मिळवून दिला होता.

त्यांची थट्टा मी तेव्हाही केली, आताही करते. पण एकदा मी चिडून विचारलं होतं, "साहेब, एवढ्याशा फरकानं काय बिघडतं हो?" तेव्हा ते खुर्चीत जरा पुढं सरकले. त्यांचं गाव राजूरच्या पलीकडे डोंगरात. वडील भात पिकवायचे आणि बाजाराला आणायचे. ते म्हणाले, "व्यापाऱ्याकडे धान्य मोजायची दोन मापटी असायची. घ्यायचं निराळं, द्यायचं निराळं. दिसायला जुळी. माझे वडील जन्मभर एकात भात घालत आले आणि दुसऱ्यातून मीठ नेत आले. त्यांना वाटायचं, आपल्या हातालाच बरकत नाही." एवढं बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. त्यानंतर काही दिवस मी त्यांना मनातसुद्धा ग्रॅमसेवक म्हटलं नाही. मग पुन्हा म्हणायला लागले.

केकचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. माझ्या स्वयंपाकघराची एक भिंत त्यांनी कोळशानं भरून टाकली. ह्यांच्याकडून लॅबमधली काचेची मोजनळी उसनी आणवली, माझ्या भांड्यांतली एकच स्टीलची वाटी मुक्रर केली, तिच्यात पाणी किती मावतं ते आधी काढलं आणि मग त्याच वाटीत एकेक जिन्नस भरून तोलला. चाळलेला मैदा, न चाळलेला मैदा, बारीक रवा, दाणेदार साखर, पिठीसाखर, थिजलेलं तूप, पातळ तूप. प्रत्येकापुढं ग्रॅम. मला तोवर वाटायचं, वाटी ती वाटी. त्या भिंतीवर पहिल्यांदा दिसलं की वाटीभर साखर आणि वाटीभर मैदा शेजारी ठेवले तर साखरेचं पारडं सरळ खाली जातं. त्या हिशेबानं केलेला केक फुगला. चक्क फुगला. ह्यांनी डबाभर लॅबमध्ये नेला आणि मी दोन दिवस जमिनीवर चालले नाही.

एक तुकडा मी काकूंना दिला. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला पुन्हा तोंड उघडू न देणाऱ्या. त्यांचंही माहेर डोंगरातलंच. त्यांनी तुकडा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. फुगलंय लई. आमच्या सायबांवानी."

काकू सुगरण असल्याचं मला कळलं ते बेकरीत. त्या वेळी बायका घरून पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायच्या आणि भट्टीवर नानकटाई भाजून आणायच्या. बेकरीवाल्या चाचांना मी कुठं राहते ते सांगितलं, तसे ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "तुमच्या मालकिणीची नानकटाई भट्टीत गेली की रस्त्यानं जाणारी माणसं आत डोकावायची. पण कैक वर्षं झाली, आल्याच नाहीत." मी घरी येऊन काकूंना विचारलं, तुम्ही नानकटाई का करत नाही? काकूंनी दोन शब्दांत उत्तर दिलं. "मापटं न्हाई."

हळूहळू सगळं कळलं. जुनी मापं सरकारजमा करायची शेवटची मुदत आली, तेव्हा साहेबांनी बाजारातली मापटी-चिपटी गोळा करून भर चौकात फोडायला घेतली होती. पितळेची, लाकडाची, पत्र्याची. लोक गोल करून बघत होते. तेवढ्यात एक दुकानदार म्हणाला, "साहेब, आमची फोडताय ते बरोबर. पण तुमच्या चुलीपुढचं मापटं काय लिटरचं आहे का?" लोक हसले. साहेब तडक घरी आले, काकूंच्या पिठाच्या डब्यातलं पितळी मापटं घेतलं, चौकात नेलं आणि सगळ्यांच्या आधी ते दगडावर ठेवून हातोडा घातला. गावात त्यांचं लई नाव झालं. असा प्रामाणिक अधिकारी होणे नाही, वगैरे.

घरी काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी साहेबांनी आणलेलं शिक्क्याचं लिटर वापरायला सुरुवात केली, भाकऱ्या केल्या, पुरणपोळ्या केल्या, लाडू केले. फक्त नानकटाई बंद. आणि साहेबांना सगळ्या जगात आवडणारा गोड पदार्थ तो एकच. दर दिवाळीला ते विचारायचे, "यंदा नानकटाई?" दर दिवाळीला काकू म्हणायच्या, "मापटं आणा, करते."

हे असंच चाललं असतं, पण त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. मुलगा नाशकात नोकरीला, मुलगी संगमनेरची. मुलगा सुट्टीत आला तेव्हा जेवताना म्हणाला, "आई, लग्नाच्या बुंदीचं मला काही नाही. पण वऱ्हाड घरी आल्यावर प्रत्येकाच्या हातावर तुझी नानकटाई पडली पाहिजे. लहानपणी खाल्लेली, तशी." काकूंनी त्याच्या ताटात भात वाढला आणि साहेबांकडे बघितलं. "मापटं आणा म्हणावं, करते."

मुलगा नाशकाला परत गेला आणि साहेबांनी कंबर कसली. त्यांच्या मते हा साधा हिशेब होता. मापटं नाही तर नाही, मापटं म्हणजे किती हे काढलं की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंबरोबर शेंगा सोलत बसले होते. साहेब पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसले.

"दोन मापटी मैदा, एक मापटं साखर, असंच ना तुझं?"

"व्हय."

"मापटं सपाट की शीग लावून?"

"असंल शीग."

"शीग किती? बोटभर? दोन बोटं? मैदा चाळून की न चाळता? आपटून की अलगद?"

"मला काय ठावं? मापटं आणा, दावते."

"आणि तूप किती?"

"घेईल तेवढं."

साहेबांनी पाटीवर 'घेईल तेवढं' असं लिहिलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्याचे ग्रॅम करायची सोय त्यांच्या पेटीत नव्हती.

तरी ते हटले नाहीत. आपल्याच भागातली मापटी एका मापाची नव्हती हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? कोपरगावचा शेर निराळा, राजूरचा निराळा. वजनाचा शेर निराळा आणि मापाचा निराळा. पण चौकात फोडलेलं ते मापटं मूळ त्यांच्या आईचं, लहानपणापासून बघितलेलं, म्हणून त्यांनी आठवणीनं पुठ्ठ्याचं एक मापटं केलं. माझ्या वाटीनं त्यात मैदा भरला, माझ्या भिंतीवरून ग्रॅम काढले आणि आम्ही दोघं सामान घेऊन बेकरीत गेलो. पहिली नानकटाई अशी झाली की चाचांनी एक उचलून पत्र्यावर आपटली तर पत्रा वाजला. साहेबांनी मैदा कमी करून तूप वाढवलं. दुसऱ्या खेपेला भट्टीतून बाहेर आली ती पत्राभर एकच नानकटाई, चहूकडून कडेला लागलेली. तिसऱ्या खेपेची दिसायला सुरेख होती, पण हात लावला की तिची रांगोळी व्हायची. चाचा आम्हाला म्हणाले, "साहेब, एक विचारू? मालकिणीलाच का आणत नाही?" साहेब म्हणाले, "तिच्याकडे माप नाही." चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

ते रांगोळीचं पाकीट मी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना आता. पोराचं लग्न आहे. साध्या वाटीनं करा. एका मापट्याचं काय एवढं धरून बसलात?"

काकूंनी पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तू सासरी आलीस तवा तुज्या सासूनं दारात काय ठिवलं हुतं?"

"माप. तांदळाचं."

"तेच ते. मी ह्यांच्या घरात आले तवा त्येच मापटं हुतं उंबऱ्यावर. सासूनं ठिवलेलं. पायानं लवंडलं आन् आत आले. त्यातनंच सासूनं मला पीठ मोजाया शिकवलं. सासू गेली, ते ऱ्हायलं. आन् ह्यांनी ते चौकात न्हेऊन फोडलं, चार लोकं हासली म्हून." त्यांचा आवाज चढला नाही. "मला इचारलं बी न्हाई. मी दारातच हुते उभी."

माझ्या डोळ्यांपुढं मी ओलांडलेलं माप उभं राहिलं. ते आमच्या सासूबाईंनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

साहेब ओट्यावर बसून चौथ्या खेपेचा हिशेब करत होते. मला राग आला होता, आणि मी रागात असले की फिरवून बोलायला मला येत नाही. मी जाऊन विचारलं, "साहेब, नवी सून आली की दारात काय ओलांडणार?"

"माप ओलांडणार," ते पाटीवरून नजर न काढता म्हणाले.

"कुठलं माप?"

"आहे की आपलं लिटरचं. शिक्क्याचं आहे."

"आणि काकू आल्या तेव्हा कुठलं होतं?"

पेन्सिल थांबली. ते पाटीकडे बघत होते, पण वाचत काही नव्हते. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कायदा व्यापारातल्या मापांना होता. घरातल्या भांड्याला नव्हता." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मला ते तेव्हाही माहीत होतं." मला वाटलं होतं चांगलं सुनवावं. पण त्यांचं तोंड बघून मी आत निघून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेब गायब. खुंटीवरचा नोकरीतला कोट पण गायब. काकू म्हणाल्या, "गेलं असतील कुनाचा तरी दगुड तोलाया." संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही, तशा काकू दर एस.टी.च्या आवाजाला दारात जायला लागल्या. आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, धुळीनं माखलेले, आणि कोटाच्या आत काहीतरी लपवून. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या पदराखालची मापं काढली, तो आपल्याच घरात चोरासारखा शिरला.

ते राजूरच्या बाजारी गेले होते. तिथली हकिकत त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली, काकूंना आणि मला, पाण्याचा तांब्या रिकामा करून. डोंगरातल्या बायका अजून मापट्यानं विकतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण कोट घालून साहेब बाजारात शिरले आणि सगळी मापटी जागच्या जागी नाहीशी झाली. जिकडे बघावं तिकडे तराजू. एका वरई विकणाऱ्या म्हातारीला मापटं लपवायला उशीर झाला, म्हणून ती त्याच्यावरच बसली.

साहेब म्हणाले, "आजी, ते मांडीखालचं दाखवा."

ती म्हणाली, "मांडीखाली कायबी न्हाई. मांडीच हाय."

"मी आता नोकरीत नाही."

"मंग कोट कशापायी घातलाय?"

साहेबांनी कोट काढून हातावर घेतला आणि तिच्यासमोर मातीत बसले. म्हणाले, "ते मापटं मला द्या." म्हातारीनं विचारलं, "फोडाया न्हेता व्हय?"

"नाही. ओलांडायला."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ल्योकाचं लगीन हाय का?" साहेबांनी मान हलवली. तिनं मांडी उचलली, मापटं काढलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. वर म्हणाली, "आता म्या वरई कशानं मोजू?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, किलोनं मोजा," साहेब म्हणाले, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग कोटाची गुंडाळी सोडून त्यांनी मापटं काकूंसमोर ठेवलं. काळपट पितळेचं, एका बाजूला पोचा आलेलं. काकूंनी ते उचललं, आत हात घालून बघितलं. "हे मोठं हाय. आपलं बारकं हुतं."

"किती बारकं?" साहेबांचा हात सवयीनं तराजूकडे गेला. मग त्यांनी तो मागं घेतला. "माझं चुकलं," ते म्हणाले. बस, एवढंच. मी भिंतीकडे बघत उभी, जावं की थांबावं कळेना. काकूंनी मापटं पदरानं पुन्हा पुसलं. त्या म्हातारीनं पुसलेलं होतं, तरी पुसलं. मग मला म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये. परात घीऊन ये तुजी."

दुसऱ्या दिवशी मी परात घेऊन गेले. साहेब आधीच पाटी घेऊन हजर. काकूंनी परातीत तूप घेतलं आणि तळहातानं फेसायला लागल्या, पांढरं होईपर्यंत, माझे नुसते बघून हात दुखले. मग साखर टाकली. ओंजळीनं. मग मैदा, तोही ओंजळीनं. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरीतलं थोडं परत डब्यात. साहेबांची पेन्सिल हवेतच राहिली.

"अगं, मापटं?" ते म्हणाले.

"त्याचं काय?"

"त्यानं मोजायचं ना?"

"सासू हुती तवर मोजलं दोन-चार बारी," काकू पीठ मळता मळता म्हणाल्या. "मंग हाताला कळाया लागलं. मापटं नुसतं डब्यात असायचं."

साहेब पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. पुठ्ठ्याचं मापटं, माझ्या भिंतीवरचे ग्रॅम, पत्राभर एकच नानकटाई, सगळं त्यांच्या तोंडावरून गेलेलं मला दिसलं. मला वाटलं आता चिडतील. पण ते हळूच म्हणाले, "मग इतकी वर्षं मापटं आणा, मापटं आणा, हे काय होतं?"

काकूंनी एक गोळा हातावर चपटा केला, त्यावर चारोळी दाबली आणि ताटात ठेवला. "आणलंत ना शेवटी," त्या म्हणाल्या.

चाचांच्या भट्टीत ती नानकटाई गेली आणि खरंच रस्त्यावरची माणसं डोकावली. मी तशी नानकटाई नंतर कधी खाल्ली नाही. वजन करून नाही, ओंजळीनं तर नाहीच.

लग्न संगमनेरला लागलं आणि संध्याकाळी वऱ्हाड कोपरगावात घरी आलं. राजूरचं मापटं घासून असं लखलखीत केलेलं की त्यात तोंड दिसावं. तांदूळ भरून ते उंबऱ्यावर ठेवलं. नव्या सुनेनं नाव घेतलं, पायानं मापटं लवंडलं आणि आत आली. माणसं तिच्यामागं आत गेली, नानकटाईचे डबे उघडले, एकच गलका झाला. दारात राहिलो तिघं. मी ओवाळणीचं ताट धरून, काकू वाजंत्रीवाल्यांना नारळ द्यायला पायरीखाली उतरलेल्या, आणि साहेब खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करत असलेले. वाया गेलेला दाणा त्यांना बघवायचा नाही. त्यांनी तांदूळ पुन्हा मापट्यात भरले, काठोकाठ, वर शीग आली, आणि त्यांचा तळहात सवयीनं ती सपाट करायला उचलला गेला.

"ऱ्हाऊ द्या शीग," काकू पायरीखालून म्हणाल्या. "ठिवा तसंच उंबऱ्यावर."

साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी ठेवलं. काकू पायऱ्या चढून वर आल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला. मला वाटलं मापटं उचलून आत नेतील. त्यांनी साहेबांकडे बघितलं, उजवा पाय पुढं केला आणि मापटं लवंडलं. तांदूळ पार ओसरीभर गेले. त्या तांदळावरून काकू घरात आल्या.

साहेबांनी ते सगळे तांदूळ पुन्हा ओंजळीनं गोळा केले, आणि न मोजता, मापट्यासकट काकूंच्या पिठाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवले.